पदरमोड करून पीएच.डी.: आधी प्रश्न, मग प्रवेश

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. अथवा अभियांत्रिकीत एम.टेक. पूर्ण करून पीएच.डी.चा विचार सुरू केला, की चहूकडून एकच सल्ला मिळतो: आधी गाइड गाठ. गाइड म्हणजे व्यवहारात ज्यांच्याकडे जागा रिकामी आहे असे प्राध्यापक. त्यांनी होकार दिला की प्रवेश, प्रवेशानंतर कोर्सवर्क, कोर्सवर्क संपता संपता विषय, आणि त्या विषयाला लागणारे साहित्य, यंत्रे व चाचण्या यांचा खर्च कोण करणार हा प्रश्न सर्वांत शेवटी, बहुधा पहिला नमुना तपासणीसाठी बाहेर पाठवायची वेळ येते तेव्हा. ज्याला दरमहा संशोधनवृत्ती मिळते त्याला हा क्रम एक वेळ निभावून नेता येतो. जो नोकरी सांभाळून किंवा घरच्यांच्या आधारावर स्वखर्चाने संशोधन करणार आहे, त्याची मात्र या क्रमामुळे चार-चार, सहा-सहा वर्षे वाया जाण्याची वेळ येते.

माझे म्हणणे असे आहे की स्वखर्चाने संशोधन करणारा विद्यार्थी आपला वेळ, आपले श्रम आणि आपला उदरनिर्वाह स्वतः पुरवतो. तेवढे पुरे आहे. प्रयोगशाळेचा खर्च त्याच्या माथी मारणे गैर आहे. ज्या प्रकल्पाच्या प्रयोगांचा खर्च कोण उचलणार हे नोंदणीपूर्वी कागदावर लिहून देता येत नाही, तो प्रकल्प विद्यापीठाने नोंदवूच नये, आणि विद्यार्थ्यानेही प्रश्न, साधने, मार्गदर्शक आणि शेवटी विद्यापीठ या क्रमाने शोध घ्यावा.

हा प्रश्न आताच का मांडावासा वाटतो, तेही सांगतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळवणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता, असे मिळते. २०२४ पासून मात्र याच परीक्षेच्या निकालात तीन गट केले जातात: संशोधनवृत्तीसह पात्र, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश यांसाठी पात्र, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. दुसऱ्या व तिसऱ्या गटाला प्रवेशाचे दार उघडते, पण वृत्ती मिळत नाही. त्यांच्या जोडीला खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांतले ते अध्यापक आहेत ज्यांना सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. लागते, उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांतले अभियंते आहेत, आणि लग्नानंतर, मुले शाळेत जाऊ लागल्यावर, पुन्हा विषयाकडे वळू पाहणाऱ्या स्त्रिया आहेत. अर्थात पदरमोड करून पीएच.डी. करणे हा आता अपवाद राहिलेला नाही. त्यासाठी लागणारे नियम मात्र अजूनही अपवादासाठी केल्यासारखेच आहेत.

सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पात्रतेचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याचा उपयोग करून इथली अनेक मुले कोल्हापूर, सांगली, पुण्याला शिकली. पीएच.डी.च्या टप्प्यावर हा पूल तितकासा उपयोगी पडत नाही, कारण बार्टी, सारथी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या संशोधनवृत्त्यांची मूळ अट महाराष्ट्रातील रहिवासाची आहे, आणि कर्नाटकच्या योजनांचे अर्ज, सूचना व पाठपुरावा कन्नडमधून करावा लागत असल्याने सातवीपर्यंत किंवा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी तिथे बिचकतो. त्याने बिचकू नये, कन्नड येणाऱ्या मित्राला शेजारी बसवून प्रत्येक परिपत्रक वाचून काढावे, असे मला मनापासून वाटते. पण तोवर निघून गेलेल्या मुदती परत येत नाहीत, आणि असे कितीतरी विद्यार्थी अखेर ‘आपल्या खर्चाने करू’ या निर्णयाला येतात.

आता स्वखर्च म्हणजे नेमके काय, ते पाहू. विद्यापीठाचे शुल्क, राहणे-जेवणे, प्रवास, पुस्तके, लॅपटॉप हा भाग विद्यार्थ्याचा, याबद्दल वाद नाही. परंतु पदार्थविज्ञानात एखाद्या पातळ थराचा अभ्यास करायचा म्हटले, की क्ष-किरण विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, रामन वर्णपट अशा तपासण्या लागतात, आणि बाहेरच्या केंद्रात प्रत्येक नमुन्यामागे काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत शुल्क पडते. प्रबंधासाठी असे नमुने दहा-वीस नव्हे, शंभरावर जाऊ शकतात. यांत्रिकीत नमुने यंत्रावर घडवून घेणे, ताण-चाचणी, थकवा-चाचणी. विद्युत शाखेत परवानाधारक सॉफ्टवेअर आणि मोजमापाची उपकरणे. शिवाय काही नियतकालिके लेख छापायला पैसे घेतात ते वेगळेच. हा सारा खर्च ‘तुम्ही सेल्फ-फायनान्स आहात ना’ या एका वाक्याने विद्यार्थ्याकडे सरकवला जातो, आणि ते वाक्य बहुतेक वेळा तोंडी उच्चारले जाते, लिहिले कधीच जात नाही.

याचा परिणाम केवळ विद्यार्थ्याच्या खिशावर होत नाही, ज्ञानावरही होतो. खर्च आपल्याला झेपेल का या भीतीने निवडलेला विषय हळूहळू लहान होत जातो. प्रयोग परवडत नाही म्हणून संगणकावर प्रतिरूप तयार करायचे, त्याची प्रत्यक्ष मोजमापाशी पडताळणी मात्र करायची नाही. आधीच्या प्रबंधातल्या मिश्रणात एक घटक बदलून तोच अभ्यास पुन्हा मांडायचा. नमुने कमी घ्यायचे आणि निष्कर्ष मोठे काढायचे. असे प्रबंध लिहिणारी माणसे आळशी किंवा अप्रामाणिक नसतात. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नसतो.

सरांना पैशांचे कसे विचारायचे, हा आपल्याकडचा खरा अडसर आहे. गुरुजनांपुढे पैशाची गोष्ट काढणे म्हणजे उद्धटपणा, असे आपल्या घरांतून शिकवले जाते, आणि नोंदणी अजून व्हायची असताना, एका होकारावर सगळे अवलंबून असताना, सांबरा किंवा नंदगडसारख्या गावातून आलेली, घरात पहिली पदवीधर असलेली मुलगी ‘सर, नमुन्यांच्या तपासणीचा खर्च कुठून होईल?’ असे विचारायला धजत नाही. म्हणूनच ही जबाबदारी एकेकट्या विद्यार्थ्याच्या धीटपणावर सोडून चालणार नाही. विद्यापीठाने प्रत्येक प्रकल्पाचे एक पानभर निवेदन आधीच जाहीर केले, त्यात प्रश्न काय, कोणती यंत्रे लागतील, त्यांतली कोणती आवारात चालू स्थितीत आहेत, बाहेरच्या चाचण्यांचा अंदाजे खर्च किती आणि तो कोणत्या निधीतून होणार हे लिहिले, तर विचारण्याचा संकोच उरणार नाही. बेळगावातच मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि राज्यभरातल्या संलग्न महाविद्यालयांतली संशोधन केंद्रे त्याच्या मान्यतेने चालतात. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० पासून आहे. या दोघांनी असे निवेदन सक्तीचे करायचे ठरवले, तर त्याला नवा कायदा लागणार नाही, नवे अनुदानही लागणार नाही. लागेल ते केंद्रप्रमुखाची सही असलेले एक पान.

यावर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. लहान गावांतल्या महाविद्यालयांकडे निधी नाही. खर्च लिहून देण्याची सक्ती केली तर ती केंद्रे विद्यार्थी घेणेच बंद करतील, आणि धारवाड किंवा बंगळूरला जाऊन राहणे ज्यांना शक्य नाही अशा निपाणी-संकेश्वरच्या विद्यार्थ्यांच्या जागा जातील, असे काही प्राध्यापक तळमळीने सांगतात. त्यांची काळजी खरी आहे. परंतु ज्या केंद्रात यंत्र नाही, निधी नाही आणि ते सांगण्याची तयारीही नाही, तिथली जागा ही विद्यार्थ्याची संधी नाही. ती त्याच्या पुढच्या सहा वर्षांवरची जोखीम आहे. शिवाय निधी नसलेल्या केंद्रातही उत्तम प्रकल्प होऊ शकतात, फक्त ते त्या केंद्राला शोभतील असे निवडावे लागतात.

भौतिकशास्त्रात तर अशा प्रकल्पांचे क्षेत्र गेल्या काही वर्षांत खूप विस्तारले आहे, आणि त्याची माहिती आपल्या भागात फारच थोड्यांना आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर अभिलेखागारातून सर्वांना खुली होतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाची क्ष-किरण व अतिनील निरीक्षणेही अशीच उपलब्ध आहेत. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांची मोजमापे आणि जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या टकरींची नोंद यांचा मोठा भाग खुला आहे. ज्याच्याकडे चांगला संगणक, प्रोग्रामिंगची तयारी आणि रात्रीचे दोन-तीन तास आहेत, त्याला या माहितीवर आंतरराष्ट्रीय दर्जाचा प्रबंध लिहिता येतो, आणि त्यासाठी एकाही नमुन्याचे शुल्क भरावे लागत नाही.

मात्र माहिती फुकट मिळाली म्हणून प्रश्न आपोआप मिळत नाही. दुर्बिणीच्या कच्च्या नोंदींतून पृथ्वीवरच्या मोबाइल मनोऱ्यांचा आणि वीजवाहिन्यांचा गोंगाट कसा वेगळा करायचा, उपकरणाच्या त्रुटी कुठे दडलेल्या असतात, कोणता निष्कर्ष त्या नोंदी पेलू शकतात आणि कोणता नाही, हे त्या माहितीवर पूर्वी काम केलेल्या माणसाकडूनच शिकावे लागते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठ संस्थेची स्थापना १९८८ साली विद्यापीठांतल्या अध्यापकांना अशी साथ मिळावी याच हेतूने झाली, आणि महाविद्यालयीन अध्यापकांना ती सहयोगी म्हणून जोडून घेते. म्हणून इथल्या विद्यार्थ्याने मार्गदर्शक निवडताना त्यांचे आयुकाशी किंवा तशा संस्थेशी काम चालू आहे का, हे जरूर पाहावे. असे सहयोगी आपल्या परिसरात नसतील तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा धारवाडला सह-मार्गदर्शक शोधावा. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे. विद्येचा शोध राज्यसीमेपाशी थांबवण्याचे काही कारण नाही.

ज्याला प्रयोगच करायचा आहे त्यानेही लगेच निराश होऊ नये. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव मान्य झाल्यावर आयनझोताचा वेळ मिळतो. इंदूर येथील विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभागाच्या संयुक्त केंद्रात नीच तापमानाची व चुंबकीय मोजमापे होतात. तिथल्याच राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन, म्हणजे तीव्र क्ष-किरण पुरवणारे यंत्र, आहे. ही केंद्रे मुळात आपल्यासारख्या साधनहीन विद्यापीठांसाठीच उभी आहेत. प्रस्ताव मार्गदर्शकाच्या नावाने जावा लागतो, म्हणून ‘गेल्या पाच वर्षांत आपण अशा केंद्रात किती वेळा काम केलेत?’ हा प्रश्न मार्गदर्शकाला आदराने पण अवश्य विचारावा. आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर कोणत्या संस्थेत कोणते उपकरण आहे आणि बाहेरच्यांना कोणत्या अटींवर मिळते याची नोंद असते. खर्चाचा अंदाज तिथून घरी बसून बांधता येतो.

अभियांत्रिकीकडे वळले की बेळगावला असे काही लाभले आहे जे मोठ्या शहरांतल्या कित्येक प्रयोगशाळांना लाभत नाही. इथे ओतकाम होते. उद्यमबाग आणि मच्छे परिसरातल्या फाउंड्र्यांतून बिडाचे आणि एस.जी. आयर्नचे (गोलाकार ग्राफाइट असलेल्या बिडाचे) सुटे भाग देशभर जातात, आणि त्यांच्यापुढे रोज उभे राहणारे प्रश्न हे पदार्थविज्ञानाचे अस्सल प्रश्न आहेत. एक उदाहरण जरा जवळून पाहू. इंडक्शन भट्टीतली हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, ओतण्याआधी वितळलेल्या लोखंडाचा थोडा नमुना एका लहान कपात ओततात. कपात बसवलेल्या थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारांवर) तापमान उतरू लागते. पहिले स्फटिक बनताना आलेख क्षणभर अडतो, पुन्हा उतरतो, आणि टेल्युरियम (लोखंड मुद्दाम पांढरे गोठवणारा घटक) नसलेल्या साध्या कपात १,१५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान जरा जास्तच खाली जाऊन मग काही अंशांनी वर चढते, कारण ग्राफाइट आणि लोखंड एकत्र गोठताना उष्णता बाहेर पडते. हा काही अंशांचा चढउतार सांगतो की ग्राफाइटची बीजे पुरेशी आहेत का, कास्टिंग (ओतलेला भाग) कडक पांढरे होईल का, आत पोकळी राहील का. कप एकदाच वापरायचा आणि टाकून द्यायचा. बऱ्याच ठिकाणी कार्बन-सिलिकॉनचे आकडे हातात आले की काम भागते, हीट ओतली जाते, आणि उरलेल्या आलेखाकडे पुन्हा कोणी पाहत नाही.

त्या उरलेल्या आलेखात एक पीएच.डी. दडलेली आहे. वर्षभरातल्या प्रत्येक हीटचा आलेख जपून ठेवला, त्यासोबत भंगाराचे प्रमाण, इनॉक्युलंट (ग्राफाइटची बीजे वाढवणारे मिश्रण) किती आणि कधी टाकले, मोल्डिंगच्या वाळूतला ओलावा, ओतण्याचे तापमान आणि शेवटी किती नग रिजेक्ट झाले याची नोंद ठेवली, तर जून ते सप्टेंबरच्या आपल्या दमट पावसाळ्यात ब्लोहोल (कास्टिंगमधली वायूची छिद्रे) वाढतात ते वाळूमुळे, कोअरमुळे (साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यामुळे) की धातूतल्या वायूमुळे, याचे उत्तर मोजमापाच्या आधारे देता येईल. उष्णतावहन, बीजनिर्मिती, संख्याशास्त्र हे सारे त्यात येते, म्हणून भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हा विषय परका नाही. यासाठी लागणारा वर्णपटमापक, पॉलिशिंगचे यंत्र, सूक्ष्मदर्शक, कठीणता-मापक ही साधने बऱ्याच मध्यम फाउंड्र्यांच्या गुणवत्ता विभागात असतातच; बाहेर पाठवावे लागतात ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी निवडलेले मोजके नमुने. त्याच विभागात दिवसभर काम करणारा अभियंता जर अंशकालीन विद्यार्थी म्हणून नोंदला गेला, तर त्याचा नोकरीचा वेळ आणि संशोधनाचा वेळ एकमेकांना छेद देत नाहीत. स्वखर्चाच्या विद्यार्थ्यासाठी याहून अनुकूल मांडणी मला दिसत नाही.

बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यातून निघणारा, लोह आणि अल्कली असलेला लाल गाळ, खानापूरची कुंभारकामाची माती, चिकोडी-रायबाग-अथणी भागातल्या साखर कारखान्यांचे बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारे बॉयलर, सौंदत्तीच्या पठारावरच्या पवनचक्क्या, हेही असेच प्रश्न उभे करतात. इथल्या माणसाला ते रोज दिसतात, आणि त्यांचे नमुने गोळा करायला विमानाचे तिकीट लागत नाही.

प्रश्नाची दिशा ठरली की मग मार्गदर्शकाचा शोध सुरू व्हावा, आणि तो ओळखीपाळखीपेक्षा कागदपत्रांतून व्हावा. शोधगंगा या भांडारात देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत. शोधगंगोत्रीवर सध्या चालू असलेल्या संशोधनाचे आराखडे पाहता येतात. ज्या प्राध्यापकांकडे जायचे आहे त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन-तीन प्रबंध काढून त्यांतले आभार आणि प्रयोगपद्धतीचे प्रकरण वाचावे. कोणते मोजमाप कुठे झाले आणि कोणाच्या मदतीने, हे तिथे स्पष्ट दिसते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत आहे. अंशकालीन विद्यार्थ्याला मात्र तीन वर्षांत पूर्ण करणे क्वचितच जमते, म्हणून नियमात बसणारे मार्गदर्शकही आपल्याला पुरतील का, याचा विचार त्याने वेगळा करावा. त्यांचे आजचे विद्यार्थी भेटले तर त्यांच्याशी चहाच्या टपरीवर अर्धा तास बोलावे. आठ पानी माहितीपत्रकातून कळत नाही ते तिथे कळते. आणि मार्गदर्शकाकडे एखादा अनुदानित प्रकल्प मंजूर असेल, तर त्यात संशोधन सहायकाचे पद आहे का हे विचारायला विसरू नये. ते मिळाले तर पदरमोड करण्याची गरजच कमी होते.

वेळेचा हिशेब पैशाइतकाच कठोरपणे मांडायला हवा. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. अंशकालीन विद्यार्थ्याला नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र आणावे लागते, आणि त्यात संशोधनासाठी पुरेसा वेळ दिला जाईल, गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळे केले जाईल, असे नमूद असणे अपेक्षित आहे. हे पत्र केवळ फाइलला जोडायचा कागद म्हणून घेऊ नये. आठवड्याला वीस-बावीस तास शिकवून, परीक्षेचे काम आणि प्रवेशाच्या प्रचाराचे काम करून रात्री दहाला प्रबंध उघडणाऱ्या अध्यापकाला ते पत्र खरे व्हावे असा आग्रह धरण्याचा अधिकार आहे.

वाचनाचाही प्रश्न आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांना खुली करण्यात आली. आपल्या भागातले बहुतेक अभियांत्रिकी विद्यार्थी खासगी महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात बसतात, नोंदणी मात्र राज्य विद्यापीठाची असते. अशा प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठाने स्वतःच्या नावावर या नियतकालिकांचा प्रवेश द्यावा. तो दिला नाही, तर शुल्क भरणारा विद्यार्थीच वाचनालयाच्या दाराबाहेर उभा राहतो.

परदेशाचा मार्ग अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या जाहिरातींत ‘केवळ स्वखर्चाच्या विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहिलेले प्रकल्प मोठ्या संख्येने असतात. तिथे परदेशी विद्यार्थ्याला वार्षिक शुल्क आणि प्रायोगिक विषयांत बरेचदा त्यावर प्रयोगशाळेचे वेगळे शुल्क भरावे लागते. दोन्ही धरून होणारी रक्कम शेतजमीन गहाण ठेवून उभी करण्यासारखी नाही, असे मी स्पष्टपणे सांगेन. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांत पीएच.डी.ला शिक्षणशुल्क नाही आणि भौतिकी-अभियांत्रिकीत विद्यार्थी बहुधा पगारी कर्मचारी म्हणून काम करतो. अमेरिकेत अध्यापन किंवा संशोधन सहायकाचे पद आणि शुल्कमाफी बरोबरच मिळण्याची पद्धत आहे. या दोन्ही देशांत या विषयांसाठी पदरचे पैसे घालून जाण्यापेक्षा एक वर्ष थांबून पगारी जागेसाठी तयारी करणे शहाणपणाचे आहे. तरीही ब्रिटनच्या त्या जाहिरातींची एक गोष्ट घेण्यासारखी आहे: खर्च कोणाचा, हे त्यांच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले असते.

उरतो तो कारखानदारांचा आक्षेप. आमची माहिती बाहेर जाईल, ग्राहकाला रिजेक्शनचे आकडे कळतील, ही त्यांची भीती अनाठायी नाही, कारण प्रबंधाची प्रत अखेर शोधगंगेवर जाते. त्यावर उपाय लेखी कराराचा आहे, आणि तो विद्यार्थी, मार्गदर्शक, विद्यापीठ व कारखाना या चौघांनी नोंदणीच्या आधी करावा. धातूची नेमकी कृती, ग्राहकाचे नाव आणि भागाचे रेखाचित्र गुप्त राहील. तापमानाचे आलेख, प्रमाणे आणि दोषांचे तुलनात्मक आकडे प्रसिद्ध करता येतील. कप, थर्मोकपल आणि नमुने कारखाना पुरवेल. बाहेरच्या तपासण्यांचा खर्च विद्यापीठ किंवा कारखाना करेल, विद्यार्थी करणार नाही. आणि नोकरी सुटली तरी तोवरच्या नोंदी प्रबंधासाठी वापरण्याचा त्याचा हक्क कायम राहील. लेख पाठवण्यापूर्वी कारखान्याला तो वाचायला साठ दिवस द्यावेत, आणि त्या मुदतीत हरकत आली नाही तर संमती आहे असे धरले जाईल, हे कलमही त्याच करारात असावे.